आणून सोडलेला मासा आणि ओर्तेगांची शिकार

मागच्या वेळी ओर्तेगा इ गासेत यांच्या शिकारीवरच्या निबंधाचं आम्ही कौतुक केलं. आज त्यांच्याशी थोडं भांडायचं आहे. १९४२ साली काउंट येबेस यांच्या पुस्तकाला प्रस्तावना म्हणून त्यांनी तो लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सावज दुर्मिळ असावं लागतं, त्याला निसटायची खरी संधी असावी लागते आणि त्यासाठी शिकारी आपल्या ताकदीला स्वतःच लगाम घालतो.

हे आता इंग्लंडमधल्या रटलंड वॉटरला लावून बघा. हा बांधलेला जलाशय. १९७७ पासून तिथं ट्राउटचं फ्लाय-फिशिंग चालतं. रेनबो ट्राउट मूळचा उत्तर अमेरिकेचा. मत्स्यशेतीत दाणेदार खाद्यावर वाढवून तो तलावात आणून सोडतात. मग पिसं-दोऱ्याची नकली माशी घेऊन माणूस येतो. ओर्तेगांच्या निकषावर ही शिकार नव्हे, आधीच वाढून ठेवलेलं ताट! आम्हीही वर्गात वर्षानुवर्षं हेच सांगत आलो. आमचं चुकलं.

कुठे, ते सप्टेंबर-ऑक्टोबरात कळतं. नुकता सोडलेला मासा भोळा असतो. त्याची शेपटी आणि पर दाटीत घासून झिजलेले असतात. जो उन्हाळाभर टिकतो, त्याची शेपटी भरून येते. जाणता माणूस मासा हाती आला की आधी शेपटी बघतो, बरं का. मोसमाच्या अखेरीस रोच, पर्च वगैरे माशांची त्या वर्षीची पिल्लं पाणवनस्पतींच्या कडेनं, होड्यांच्या धक्क्यापाशी झुंडीनं जमतात. ट्राउट त्या झुंडीत घुसतो, काही पिल्लं अर्धमेली होऊन वर तरंगतात आणि तो मागे फिरून ती निवांत टिपतो. म्हणून गळ टाकणारा पिल्लासारखी पांढरी, तरंगणारी 'माशी' टाकतो आणि हलवतच नाही. हाताला सतत चाळा हवा असलेल्याला हे फार जड जातं.

हे त्या माशाला कुणी शिकवलं? त्याच्या लहानपणी तर दाणे वरून पडत होते. ओर्तेगा दुर्मिळता सावजाच्या संख्येत बघतात. इथे मासे कमी नसतात, फसणारे कमी झालेले असतात.

पण गळवाल्यांनी लगेच खूश होऊ नये. कित्येक तलावांत मोसमभर नवे मासे सोडणं चालूच असतं. एकाच दोरीला कालचा भोळा लागेल किंवा उन्हाळा काढलेला मुरब्बी. आपण शिकार केली की ताटातलं उचललं, हे शेपटी बघितल्यावर, म्हणजे सगळं झाल्यावर कळणार.

ओर्तेगांनी कॅमेऱ्यानं शिकार करण्याच्या कल्पनेची टर उडवली आहे. पकडून परत सोडणाऱ्यालाही त्यांनी तेच ऐकवलं असतं. ही तुलना आम्हाला पटत नाही. फोटो काढलेल्या हरणाला काही टोचत नाही. या माशाच्या ओठात गळ रुतून गेलेला असतो. शिवाय काही तलावांवर परत सोडायची मुभाच नसते, मासा मारावाच लागतो. तिथे काठावर उभं राहून चिंतन करता येत नाही, कारण पाण्याबाहेर त्याचा जीव गुदमरत असतो. निर्णय दोरी टाकण्याआधी हवा आणि शेपटी तर नंतर दिसते. या अडचणीचं उत्तर त्या निबंधात आम्हाला सापडलेलं नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.