खिडकीतला हिमालय

या त्रैमासिकाकडे येणारे प्रवासलेख वाचून त्यांवर मत देण्याचे काम संपादकांच्या आग्रहावरून गेली काही वर्षे आम्ही करीत आहोत. या काळात काठमांडूहून विमानाने केलेल्या हिमालयदर्शनावरचे लेख एकामागून एक आमच्या हाती आले. आपल्या वाड्यांतली माणसे निवृत्तीनंतर किंवा लग्नाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने नेपाळपर्यंत जाऊ लागली, याचा आम्हांला आनंदच आहे. परंतु हे लेख शेजारी शेजारी ठेवले, तर एकाचे पान दुसऱ्यात घातले तरी कोणाच्या ध्यानात येऊ नये, इतके ते एकसारखे आहेत. पहाटेचे उठणे, धुक्यामुळे झालेला खोळंबा, खिडकीची जागा, हवाई सुंदरीने हाती दिलेला शिखरांचा नकाशा, मग त्या नकाशातली गौरीशंकर, मेलुंगत्से, चो ओयू, नुप्त्से, ल्होत्से ही नावे ओळीने, आणि शेवटी प्रमाणपत्र. मधल्या जागेत 'अवर्णनीय' हा शब्द दोनदा तरी असतोच. लेखक 'अवर्णनीय' लिहितो तेव्हा तो वर्णनाच्या कामातून रजा घेत असतो, आणि ती रजा त्याला कोणी मंजूर केलेली नसते.

एक साधी चूक बहुतेकांनी केली आहे. 'आम्ही एव्हरेस्टवरून उडालो' असे ते लिहितात. ही विमाने सुमारे २५,००० फुटांवरून नेपाळच्या हद्दीत पर्वतरांगेला समांतर पूर्वेकडे जातात आणि वळून परत येतात. जाताना डावीकडच्यांना शिखरे दिसतात, येताना उजवीकडच्यांना. एव्हरेस्टचा माथा ८,८४८.८६ मीटर, म्हणजे २९,००० फुटांहून अधिक उंच आहे. ही मोजणी नेपाळ व चीन यांनी २०२० साली जाहीर केली. अर्थात प्रवासी त्या क्षणी शिखराच्या खालीच असतो. खरोखर वरून गेली ती १९३३ सालच्या ३ एप्रिलला बिहारमधील पूर्णियाहून निघालेली दोन ब्रिटिश विमाने. त्यांतल्या एकात चित्रीकरण करणारा बॉनेट प्राणवायूची नळी फुटल्यामुळे बेशुद्ध पडला होता. त्या मोहिमेवरच्या 'विंग्ज ओव्हर एव्हरेस्ट' या चित्रपटाला पुढे ऑस्कर मिळाले. साहसाची नोंद म्हणून तो पाहावा. हिमालयाविषयी त्यातून फारसे काही कळत नाही. आमच्या लेखकांना मात्र आपण शिखराच्या खाली होतो हे सांगण्यात कमीपणा वाटला असावा. खरे म्हणजे इतक्या उंचीवर जाऊनही मान वर करून पाहावे लागले, ही लिहिण्यासारखी एकमेव गोष्ट त्यांच्या हाती होती. तीच त्यांनी सोडली.

आमचा स्वतःचा पूर्वग्रह येथे कबूल करतो. काका कालेलकरांनी हिमालय पायी पाहिला आणि मग 'हिमालयनो प्रवास' लिहिले. साताऱ्यात जन्मलेल्या या माणसाने ते गुजरातीत लिहिले याची हळहळ सेमिनरीत असल्यापासून आमच्या मनात आहे. ज्याने पाय झिजवले नाहीत त्याला पर्वतावर लिहिण्याचा अधिकार नाही, अशी आमची समजूत होती. विमानदर्शनाच्या लेखांवर 'साभार परत' लिहिताना ही समजूत आम्हांला फार उपयोगी पडली.

ती डळमळली ती एका फ्रेंच पुस्तकामुळे. आंत्वान द सेंतेक्झुपेरी हा टपाल वाहून नेणारा वैमानिक. १९३९ साली प्रसिद्ध झालेले त्याचे पुस्तक इंग्रजीत 'विंड, सँड अँड स्टार्स' या नावाने मिळते. त्यात अँडीज पर्वताची एक हकीकत आहे. १९३० सालच्या जून महिन्यात, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, त्याचा सहकारी आंरी गियोमे हिमवादळात सापडून पर्वतातल्या एका सरोवराकाठी उतरला. दोन दिवस तो टपालाच्या पिशव्या अंगाभोवती गुंडाळून विमानाखाली बर्फात पडून राहिला आणि वादळ शमल्यावर चालू लागला. पाच दिवस आणि चार रात्री. दोर नाही, अन्न नाही. सुजलेली पावले मावावीत म्हणून जोडे रोज थोडे अधिक कापायचे. एकदा तो पडला आणि उठायचे नाही असे त्याने ठरवले. तेव्हा त्याला विम्याची आठवण झाली. मृतदेह सापडला नाही, तर कायद्याने मृत्यू मान्य व्हायला चार वर्षे लागतात. तोवर पत्नीने काय करायचे? समोर एक खडक दिसत होता. तेथवर पोहोचलो तर उन्हाळ्यात आपले प्रेत तरी सापडेल, एवढ्यासाठी तो उठला. आणि उठल्यावर चालतच राहिला.

या हकीकतीचा आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग निराळाच आहे. ते सर्व दिवस सेंतेक्झुपेरी त्याच पर्वतावरून विमान फिरवीत मित्राला शोधत होता. पाच दिवस त्याने शोधले आणि त्याला काही दिसले नाही. गियोमेला मात्र खालून त्याचे विमान दिसले होते. हे लेखक लपवीत नाही. इतक्या जवळून, इतक्या प्रेमाने, इतक्या भीतीने पाहणाऱ्यालाही वरून माणूस दिसला नाही! हिमशिखरांना मंदिराची उपमा त्यालाही सुचली आहे, जशी ती आमच्या लेखकांना हटकून सुचते. पण त्याच्याकडे ती येते ती मित्राच्या प्रेताशेजारी जागत बसल्याच्या भावनेतून. म्हणून ती खरी वाटते. आमच्याकडे ती नकाशाच्या पाठीमागच्या मजकुरातून येते.

म्हणजे दोष विमानाचा नव्हे. खिडकीतून काय दिसत नाही याची जाणीव ज्याला आहे, त्याने खुशाल खिडकीतून लिहावे. जी शिखरे हे लेखक तासाभरात मोजतात त्यांच्या पायथ्याशी पाठीवर ओझी वाहणारी माणसे पायवाटा चढत असतात; आमच्याकडे आलेल्या एकाही लेखात एकाही लेखकाला त्यांची आठवण झालेली नाही. २०११ सालच्या २५ सप्टेंबरला असेच एक दर्शनविमान परतताना ढगांत काठमांडूजवळच्या कोटडांडाच्या टेकडीवर आदळले आणि आतले एकोणीसही जण गेले; त्यांत तमिळनाडूचे कितीतरी जण होते. हाही उल्लेख कोठे नाही. दुःखाचा सूर लावा असे आमचे म्हणणे नाही. पण लेखातला खोळंबा ज्या धुक्याने झाला, ते धुके म्हणजे काय, हे त्या एका तारखेवरून कळले असते.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये धर्मग्रामातील मंडळींबरोबर आम्हीही त्या विमानात बसलो. गुडघ्यांनी पायी हिमालयाचा प्रश्न कायमचा निकालात काढलेला होता. आम्ही शिस्तीने नकाशा उघडला, शिखरे जुळवू लागलो आणि त्या नादात गौरीशंकर निघून गेले. त्यानंतरचे आमचे पाहणे म्हणजे हरवलेली ओळ शोधणाऱ्या वाचकाचे पाहणे होते. प्रमाणपत्रही घेतले, ते वह्यांच्या कपाटात आहे.

आमच्या पुढच्या खिडकीशी आमच्याच धर्मग्रामातल्या ऐंशीच्या घरातल्या आजी होत्या. उमेदीची वर्षे मिठागरात गेलेली. त्यांनी नकाशा नातीकडे देऊन टाकला होता. उतरल्यावर आम्ही विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले ते असे: ही रास पावसाळ्यापूर्वी कोणी झाकली नाही, फादर. मिठागरावर राशी पेंढ्याने झाकतात, नाहीतर पहिल्या सरीत सगळे वाहून जाते. आणि हे तर झाकल्यावाचून एवढे उभे! मग त्यांनी आणखी एक विचारले. खाली एका उतारावर धूर दिसला, एकाच घराचा. त्या घरातली माणसे मीठ कोठून आणतात? आम्हांला तो धूर दिसला नव्हता. जुन्या काळी तिबेटचे मीठ खिंडी ओलांडून नेपाळात यायचे आणि बदल्यात धान्य वर जायचे, एवढे आम्ही कधीतरी वाचलेले होते. ते त्यांना सांगितले. त्यांनी मान हलवली आणि विचारले, "पाठीवरून?" आम्ही म्हटले, "माणसांच्या, याकांच्या आणि मेंढ्यांच्यासुद्धा." मेंढी किती वजन उचलते, यावर हॉटेलपर्यंत त्यांची आणि नातीची चर्चा चालली.

तेव्हापासून आम्ही त्यांच्या मागे आहोत की हे लिहून द्या. अक्षर चांगले नाही, असे त्या म्हणतात. नातीने उतरवून घेण्याचे कबूल केले आहे. परंतु तिची परीक्षा झाली, मग नोकरी लागली, आणि चार अंक निघाले तरी तो मजकूर आमच्याकडे आलेला नाही. दरम्यान काठमांडूहून आलेले आणखी तीन लेख टेबलावर आहेत. त्यांतला एक चांगला आहे. त्यात लेखकाने शेजारच्या प्रवाशाविषयी लिहिले आहे, आणि 'अवर्णनीय' एकदाच.