धुराडे दिसते, धोटा दिसत नाही

गेल्या हिवाळ्यात लालबाग-परळमधून निघालेल्या एका छायाचित्रण-फेरीत मी पैसे भरून सामील झालो. सूर्यास्ताची वेळ, पंधरा-वीस जण, खांद्यावर तिपाया आणि पुढे एक वाटाड्या तरुण. गिरणीचे धुराडे कुठून टिपावे, मागच्या काचेच्या मनोऱ्यांतले दिवे केव्हा लागतात, हे त्याने नेमके सांगितले. तरुण कामात वाकबगार होता. त्याच्या हेतूविषयी मला शंका नाही. माझा आक्षेप त्याच्या दृष्टीवर आहे, आणि ती दृष्टी त्याच्या एकट्याची नाही.

संधिप्रकाशात उजेड अपुरा असतो, म्हणून कॅमेऱ्याचा पडदा काही सेकंद उघडा ठेवावा लागतो. जे स्थिर असते ते स्पष्ट उमटते. जे चालते ते पुसट होते, कधी नाहीसेच होते. त्या संध्याकाळच्या चित्रांत धुराडे आले, दगडी भिंत आली. भाजीची पाटी घेऊन समोरून गेलेली बाई आली नाही. वारशाचे गोडवे गाणाऱ्या साऱ्या सौंदर्यदृष्टीचा हाच नियम आहे. वास्तू उरते, माणूस गळतो.

वाटाड्याने १९८२ च्या संपाचा उल्लेख केला. अडीच लाख कामगार, बंद पडलेल्या गिरण्या, त्यांच्या जमिनींवर आलेले मॉल. १८ जानेवारीला सुरू झालेल्या त्या संपात माझ्या वडिलांची नोकरी गेली, म्हणून मी कान देऊन ऐकत होतो. पण त्याच्या बोलण्यातला गिरणी कामगार जणू बिनजातीचा होता.

माझे आजोबा रिंगखात्यात होते. साचेखात्यात मजुरी जास्त, पण तिथे अस्पृश्याला मज्जाव. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी घाली आणि धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घेई. अस्पृश्याचे ओठ लागलेला धोटा सवर्ण कामगाराला विटाळाचा वाटे. मालकाविरुद्ध खांद्याला खांदा लावणारा माणूस धोट्यापाशी येताच जात पाहत होता. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. गिरणगावचा इतिहास सांगणाऱ्याला हे वगळून पुढे जाता येणार नाही.

कोणी म्हणेल, विटाळाचे छायाचित्र कसे काढणार? कबूल. पण फेरीची वाट तर माणूसच ठरवतो ना? परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब अनेक वर्षे राहिले. बहिष्कृत हितकारिणी सभेचे बीज १९२४ साली परळच्याच दामोदर हॉलमधल्या बैठकीत पडले. आमची फेरी यांपैकी एकाही ठिकाणी थांबली नाही. मी विचारले तेव्हा तो तरुण सरळपणे म्हणाला, "काका, तिथे फ्रेम मिळत नाही."

मला त्याचा राग आला नाही. चौकट कशाला मिळते आणि कशाला मिळत नाही, हे त्याच्या जन्माआधीच ठरलेले होते. दलित साहित्याने मराठी वाङ्मयातली ही चौकट मोडली, ती असेच प्रश्न विचारून. माझी मागणी साधी आहे. फेऱ्या निघू द्या, चित्रे काढू द्या. पण एखाद्या बंद गिरणीच्या दाराशी दहा मिनिटे कॅमेरे खाली ठेवा आणि साचेखात्याची हकीकत मोठ्याने सांगा. मग खुशाल धुराडे टिपा.