कोर्लईचं क्रियापद

आमच्या बिदरजवळच्या नौबादेतल्या सुरंग-बावीच्या उभ्या विहिरीत वाकून पाहिलं, की मला चौल आठवतं. जमिनीच्या पोटातून पाणी खेळवायची ही इराणी विद्या बहमनी काळात इथं आली. बहमनींच्या बिदरला माणसं, विद्या, घोडे समुद्रापलीकडून यायचे, ते दाभोळ-चौलच्या बंदरांतून. १४६९च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौललाच उतरला. बरोबर एक घोडा होता. जुन्नरला तो हातचा गेलाच होता. कसाबसा परत मिळाला आणि शेवटी विकला गेला आमच्या बिदरात. त्यामुळे चौल हा मला माझ्या गावाचाच लांबचा दरवाजा वाटतो.

बहमनी राज्य फुटलं, चौल निजामशाहीत गेलं. १५१६ला पोर्तुगीजांनी तिथं वखार घातली, १५२१ला किल्ल्याला हात घातला. बुऱ्हाण निजामशहानं परवानगी दिली, त्यातही घोड्यांची गरज होतीच. खाडीच्या तोंडाशी वसलेलं पोर्तुगीजांचं ते गाव म्हणजे आजचं रेवदंडा.

लोक तिथं सातखणी मनोरा बघायला जातात. फ्रान्सिस्कन चर्चचा तो घंटेचा मनोरा. आज सातही खण धड नाहीत, तरी माडांच्या शेंड्यांवर मान काढून उभा आहे. मला मात्र मनोऱ्यापेक्षा तट आवडतो. तटाच्या आत आजही नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, घरं आहेत, अंगणात वाळत घातलेले कपडे आहेत. १५७०-७१च्या मुर्तझा निजामशहाच्या वेढ्यानंतर उभा राहिलेला हा तट आता वाडीचं कुंपण होऊन बसलाय. किल्ला माणसांच्या रोजच्या कामी यावा, यासारखं सुंदर काही नाही.

१७४०ला चौल मराठ्यांकडे आलं, पोर्तुगीज निघून गेले. व्यापार संपला. उरलं ते कुंडलिकेच्या खाडीपलीकडे, कोर्लई गावात. तिथली ख्रिस्ती मंडळी अजून घरात ‘नो लिंग’ म्हणजे ‘आपली भाषा’ बोलतात. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची बैठक मराठी. पोर्तुगीजात क्रियापद मध्ये येतं. कोर्लईत ते आपल्यासारखं वाक्याच्या शेवटी जाऊन बसतं. सव्वादोनशे वर्षांच्या सत्तेनं शब्द दिले आणि शेजारच्या मराठीनं त्यांना बसायची जागा दाखवली. आमच्या बिदरी मराठीत कानडी आणि दखनी अशीच मिसळलेली आहे, म्हणून असेल, पण ही गोष्ट मला घरची वाटते. माझ्या लेखी पोर्तुगीज चौलचा सगळ्यात सरस अवशेष हाच, आणि तो दगडाचा नाही.

रेवदंड्याला गेलात तर मनोरा पाहून परतू नका. पूल ओलांडून कोर्लईला जा, कुणाच्या ओटीवर घटकाभर टेका आणि वाक्य संपेपर्यंत ऐका.