मासा, पाणी आणि जाळे

पूर्व आशियातील पटचित्रांत मासा वारंवार आढळतो. त्याच्या शेजारी आपल्याकडील कोणते चित्र ठेवावे, असा प्रश्न आल्यास जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांच्या मासेमारीच्या जाळ्याच्या चित्रांचा निर्देश करावा लागेल. भिवंडी-टेमघर ज्या ठाणे जिल्ह्यात मोडतात, त्यातच २०१४ पर्यंत म्हसे यांचे गंजाडही होते.

सुंग काळातील ल्यू त्साई याच्या नावे असलेला मत्स्यपट अमेरिकेत सेंट लुइस येथील संग्रहालयात आहे. त्यात मासे खोल जावेत तसतसा रंग विरत जातो आणि कोरे रेशीमच पाणी होते. चिनी भाषेत ‘मासा’ व ‘विपुलता’ यांचा उच्चार एकच; त्यामुळे हा मासा मंगलसूचकही ठरतो.

म्हसे यांनीही पाणी रेखाटले नाही. परंतु शेणाने सारवलेल्या पृष्ठावर पांढऱ्या, बारीक रेषांचे जाळे पसरते आणि तेच चित्राचा अवकाश होते. येथे खोली नाही, छायाप्रकाश नाही. चिनी मासा मुक्त आहे. म्हसे यांचा मासा मानवी श्रमाशी बांधलेला आहे.

चिनी रिक्ततेत तत्त्वज्ञान पाहावयाचे आणि वारली रेषेस मात्र भाबडे अलंकरण म्हणावयाचे, हा आपल्या समीक्षेचा पक्षपात होय. लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने स्त्रिया लिहीत. तो विधीचा भाग होता. ती रेषा विधीबाहेर आणून म्हसे यांनी जाळे हाच विषय केला. ही निवड कलावंताची आहे, जमातीची नव्हे. तिची चर्चाही त्याच नात्याने व्हावयास हवी.