फोटोसारखे फूल, फुलासारखे फूल

चित्र पाहून 'अगदी फोटोसारखं!' असा उद्गार काढण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. चित्रकाराला याहून मोठी शाबासकी नाही, असे बोलणाऱ्याला मनापासून वाटत असते. संगणकावर रंगवलेल्या फुलांच्या वाट्याला तर ही शाबासकी हमखास येते. लग्नपत्रिका, कॅलेंडरे, शुभेच्छापत्रे आणि खरे सांगायचे तर दिवाळी अंकांची मुखपृष्ठेही अशा फुलांनी बहरलेली असतात. पाकळीवरची शीर न् शीर दिसते, दवाच्या थेंबात उजेड चमकतो. या चित्रांची नीट समीक्षा मात्र क्वचितच होते. 'संगणकाने काढले' म्हणून एक वर्ग ती बाजूला सारतो, 'हुबेहूब आहे' म्हणून दुसरा वर्ग टाळ्या वाजवतो. दोघांचाही निवाडा घाईचा आहे.

आधी पहिल्या वर्गाविषयी. फोटोशॉप १९९० साली बाजारात आले आणि १९९४ च्या आवृत्तीत त्यात थरांची सोय झाली. एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक काचांसारखे हे थर. देठ एकावर, पाकळ्या दुसऱ्यावर, सावल्या तिसऱ्यावर. १९९८ साली इलस्ट्रेटरमध्ये 'ग्रेडियंट मेश' आले. पाकळीच्या आकारावर उभ्या-आडव्या रेषांचे जाळे टाकायचे आणि प्रत्येक गाठीला रंग द्यायचा. दोन गाठींमधले रंग आपोआप एकमेकांत विरघळतात. एका गुलाबाला अशा शेकडो गाठी लागू शकतात आणि प्रत्येक गाठीचा रंग माणसालाच ठरवावा लागतो. २०१० साली आयपॅड आणि २०११ साली प्रोक्रिएट आल्यावर हे काम घरोघरी पोहोचले. या पद्धतीने फूल रंगवणाऱ्याच्या चिकाटीला नावे ठेवणे अन्यायाचे होईल. कुंचला केसांचा असो की विजेचा, हात थरथरला की पाकळी बिघडते. फरक इतकाच, की इथे बिघडलेली पाकळी मागे घेता येते.

आता दुसऱ्या वर्गाविषयी. फोटोसारखे म्हणजे नेमके कशासारखे? कॅमेरा एका डोळ्याने पाहतो आणि एका क्षणापुरते पाहतो. जवळून फूल टिपले, की पुढची पाकळी लख्ख आणि मागचे सारे धूसर. चित्रकार फोटो पडद्यावर ठेवून ठिपक्या-ठिपक्याचा रंग उचलतो, तेव्हा तो धूसरपणाही इमानाने उतरवून घेतो. जास्वंदीच्या मधल्या दांड्याला पुंकेसर कसे चिकटलेले असतात, त्याच्या टोकाला पाच इवलीशी बोंडे कशी फुटतात, हे फोटोत दिसले नसेल तर चित्रातही येत नाही. म्हणजे अशा चित्रात नक्कल होते ती भिंगाच्या नजरेची. फूल तिथे निमित्तमात्र उरते.

याच्या उलट उदाहरण आपल्या किनाऱ्यावरचेच आहे. कोचीचा डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीड याने सिद्ध केलेला 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला १२ खंडांत छापला गेला. त्यात ७०० हून अधिक वनस्पती आहेत. चित्रांवर झाडांची नावे रोमन, मल्याळम आणि अरबी लिपींबरोबर नागरीतही कोरलेली आहेत. ही नागरी नावे कोकणी आहेत. रंगभट, विनायक पंडित आणि आप्पूभट या कोकणी वैद्यांनी या कामात साहाय्य केले आणि १६७५ साली तसा दाखला नागरी लिपीत लिहून दिला. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली ही चित्रे काळ्या रेषांची आहेत. त्यांत रंगाचा ठिपका नाही. तरीही पुढे लिनियसने अनेक वनस्पतींची नावे ठरवताना त्यांचाच आधार घेतला. रंग नसलेले चित्र फुलाची ओळख पटवते आणि लाखो रंगांचे चित्र कधीकधी पटवू शकत नाही, यात बरेच काही आले.

सीमाभागातल्या वाचकाला ही गोष्ट भाषेच्या अनुभवावरून लगेच पटावी. शब्दाला शब्द ठेवून कानडीचे मराठी केले तर वाक्य उभे राहते, पण बोलत नाही. ज्या फुलाला आपण अबोली म्हणतो, त्यालाच शेजारची काकू 'कनकांबर' म्हणते. एका भाषेने त्या फुलातला अबोलपणा पाहिला, दुसरीने सोन्याचे वस्त्र पाहिले. दोन्ही नावे खरी आहेत, कारण दोन्हींमागे कोणी तरी थांबून पाहिले आहे. चित्राकडून आपली अपेक्षा तेवढीच आहे: कोणी तरी पाहिल्याची खूण.

फोटोचा आधार घेणे हा मात्र गुन्हा नव्हे. अमेरिकेतल्या फोटोरिॲलिस्ट चित्रकारांपैकी ऑड्री फ्लॅक स्लाइड कॅनव्हासवर पाडून एअरब्रशने रंगवीत. १९७७ सालच्या त्यांच्या 'मेरिलिन (व्हॅनिटस)' या चित्रात गुलाब, फळे, जळती मेणबत्ती आणि वाळूचे घड्याळ आहे. सारे फोटोसारखे, पण गुलाब कोणाशेजारी ठेवायचा हे त्यांनी ठरवले होते आणि त्या शेजारामुळे गुलाब नश्वरतेविषयी बोलू लागला. उलट डेव्हिड हॉक्नी यांनी फोनच्या आणि आयपॅडच्या काचेवर बोटाने फुले काढून मित्रांना पाठवली. ती २०१० साली पॅरिसला प्रदर्शनात मांडली गेली. ती मुळीच हुबेहूब नाहीत, पण त्यांत सकाळ आहे. वाटा दोन, आणि दोन्हीकडे निवड माणसाची आहे.

आपल्याकडची संगणकी फुले बहुधा इथेच कमी पडतात. एक पाकळी रंगवायची आणि तीच फिरवून पाच ठिकाणी चिकटवायची, ही युक्ती डोळ्याला पटकन कळते. खऱ्या फुलाच्या दोन पाकळ्या कधी सारख्या नसतात. एखादीला किडीने कुरतडलेले असते, एखादी उन्हाने मुडपलेली असते. झेंडू तर एक फूलच नव्हे, अनेक लहान फुलांचा तो गेंद. तो एकाच पाकळीच्या नकला करून भरला, की प्लॅस्टिकचा वाटतो. शिवाय पडद्यावरचा रंग उजेडाचा असतो, कागदावरचा शाईचा. पडद्यावर पेटलेली अबोली छापून आली की विटकरी दिसते, कारण छपाईच्या चार शायांना तो रंग पुरता पेलत नाही. याचा विचार न करता केलेले मुखपृष्ठ छापखान्यात मार खाते.

आणखी एक गोष्ट घडली आहे. २०२२ पासून नुसते शब्द दिले तरी यंत्र फोटोसारखे फूल काही क्षणांत तयार करू लागले. त्यामुळे 'हुबेहूब' या गुणाची बाजारातली किंमतच उतरली. जे कौशल्य मिळवायला वर्षे लागत, त्याचा परिणाम आता फुकट मिळतो. चित्रकाराने यामुळे हताश व्हावे असे नाही, पण आपल्या कामात यंत्राला न देता येणारे काय आहे, हे त्याला स्वतःला विचारावे लागेल. माझ्या मते त्याचे उत्तर पाहण्यात आहे. परसातली जास्वंद पहाटे मिटलेली, दुपारी ताठ आणि संध्याकाळी गळालेली ज्याने पाहिली, त्याच्या रेषेत ती दिवसभराची जास्वंद उतरते. मग ती रेष पेन्सिलीची असो की प्रोक्रिएटची.

म्हणून पालकांना एवढेच सुचवावेसे वाटते. मुलांच्या हाती टॅब जरूर द्या, थर आणि जाळी शिकू द्या. पण फोटो उघडण्याआधी एक खरे फूल त्यांच्यासमोर पेल्यात ठेवा, पाकळ्या मोजायला सांगा, त्याची दोन्ही भाषांतली नावे विचारा. आणि चित्र पुरे झाल्यावर 'फोटोसारखं झालंय' असे म्हणण्याऐवजी 'हे कुठल्या झाडाचं?' असे विचारा. मुलाला सांगता आले, तर चित्र साधले.