अनुग्रह आणि जाब : ‘करामाझॉव्ह बंधू’मधील एक उपकथा

डोस्टोव्हस्कीच्या ‘करामाझॉव्ह बंधू’ (१८७९-८०) या कादंबरीची चर्चा बहुधा इव्हानच्या बंडाभोवती फिरते. बालकावर शिकारी कुत्रे सोडणाऱ्या सेनापतीला त्याची माता स्वतःच्या दुःखापुरती क्षमा करू शकेल. बालकाच्या यातनांची क्षमा करण्याचा अधिकार तिलाही नाही, असे इव्हानचे म्हणणे. ईश्वराचा अनुग्रह सर्वांना कवेत घेणारा असेल, तर दुष्कृत्याचा जाब कोणी द्यावयाचा? आल्योशा ख्रिस्ताकडे बोट दाखवितो. हे उत्तर श्रद्धावंताचे आहे. त्याने इव्हान निरुत्तर होत नाही.

या प्रश्नाची खरी कसोटी लागते ती झोसिमाच्या आठवणींतील मिखाईलच्या कथेत. आपल्याला नाकारणाऱ्या विधवेचा त्याने खून केला आणि तो चोरीसाठी झाल्याचा देखावा उभा केला. संशय प्योत्र या नोकरावर आला. खटला पुरा होण्यापूर्वीच तो तापाने मेला. पुढे चौदा वर्षे मिखाईल प्रतिष्ठेने जगतो, दानधर्म करतो, संसार थाटतो. पण मनाला शांती नाही. ज्याचे देणे त्याला न देता भलत्यालाच दिले, तर ऋण फिटावे कसे? तरुण झोसिमा त्याला दिलासा देऊन परत पाठवीत नाही. जाहीर कबुली देण्यास सांगतो. डोस्टोव्हस्कीची निर्ममता अशी की, कबुलीच्या आदल्या रात्री हाच पश्चात्तापदग्ध पुरुष झोसिमाचा जीव घेण्याच्या हेतूने पुन्हा त्याच्या दारी येतो. दुसऱ्या दिवशी वाढदिवसाच्या पाहुण्यांसमोर तो सारे पुराव्यानिशी सांगतो. लोक त्याला वेडा ठरवितात, आणि मृत्युशय्येवर त्याला प्रथमच आनंद लाभतो. अनुग्रह येथे येतो तो जाब दिल्यानंतर, त्याला बगल देऊन नव्हे. आल्योशाच्या उत्तरात जे गृहीत होते, ते येथे घडून दिसते.

तरीही एक उणीव उरतेच. प्योत्र नशेत ओल्या जमिनीवर रात्रभर पडला, म्हणून आजारी पडून मेला, अशी समजूत घालून मिखाईलने पूर्वीच आपले मन निवविले होते. त्याच्या अंतिम आनंदाच्या चित्रणातही प्योत्रला स्थान नाही. भारतीय वाचक कदाचित कर्मविपाकाचा आधार घेऊन हा हिशेब मिटवील. परंतु प्रश्न प्योत्रच्या भोगाचा नसून त्याच्यावरील कलंकाचा आहे. पुढे काहींना ती कबुली खरी वाटू लागते. पण त्यांचे कुतूहल एका सज्जनाच्या अधःपतनापुरते असते. बालकाच्या वतीने इव्हानने मागितलेला जाब या नोकराच्या वतीने मागणारे कादंबरीत कोणी नाही.