देव पुरवतो, पण कोणाच्या हातून?

टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या माणसाला बाकी काही नाही तरी एवढं आठवतंच. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालं. त्यातले विनोदी प्रसंग इतके गाजले की एक विसरभोळा, तापट कवी आणि त्याची मिश्कील बायको अशी जोडी आपल्या डोक्यात पक्की बसली आहे. मला विचाराल तर हे मुळात पैशाबद्दलचं पुस्तक आहे. देवावर भरवसा ठेवून जगताना घरात नेमकं काय होतं, हे इतक्या खरेपणानं सांगणारं दुसरं मराठी पुस्तक मी वाचलेलं नाही.

चर्चमध्ये वाढलेल्या माझ्यासारख्याला नारायण वामन टिळक आधी भेटतात ते ‘उपासना संगीता’त. मग उपदेशात. 1895 साली बाप्तिस्मा, नगरला मिशनची सेवा, आणि 1917 मध्ये पगारावर पाणी सोडून ‘देवाचा दरबार’. गोष्ट इथे संपते आणि दानाची पिशवी फिरते. (दशमांश हातात पडणाऱ्या पगाराचा की कर कापण्याआधीच्या, हा वाद आमच्या घरी दर महिन्याला होतो. बायको ‘आधीच्या’च्या बाजूची.)

लक्ष्मीबाई याच माणसाची गोष्ट चुलीपाशी बसून सांगतात. दारात आलेल्याला टिळकांच्या तोंडून ‘नाही’ निघत नाही. पाहुणे येतात आणि राहतात. निराधार मुलं घरची होतात. देणारा हात टिळकांचा, पण डब्यात पीठ किती उरलंय हे बघणारे डोळे लक्ष्मीबाईंचे. आमच्या धंद्यात याला डिपेंडन्सी म्हणतात. वरचं सगळं तिच्यावर चालतं आणि स्क्रीनवर तिचं नावही दिसत नाही.

आणि गंमत म्हणजे बायबल हे लपवत नाही, उपदेश लपवतात. फुलापाखरांसारखे निश्चिंत राहा, असं सांगणाऱ्या येशूची मंडळी कोणाच्या पैशावर फिरत होती? लूकच्या 8व्या अध्यायात नावं दिली आहेत: मग्दालीया मरिया, हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको योहान्ना, सुसान्ना. असेल त्यात समाधानी राहायला शिकलो, असं पौल लिहितो ते फिलिप्पैकरांच्या पत्रात. ते पत्र त्यांनी एपफ्रदीतच्या हाती पाठवलेल्या मदतीची पोचही आहे! मार्कमधल्या गरीब विधवेच्या दोन टोल्यांचंही तसंच. त्याच्या जरा आधी येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना झोडपतो. ते वचन दानाच्या रविवारी सहसा वाचत नाहीत.

म्हणजे टिळकांचा विश्वास फुकटचा होता आणि बिल बायकोनं भरलं, असं म्हणून मोकळं व्हायचं? माझ्या पिढीला हे वाचन सोपं जातं. मलाही पहिल्या वाचनात तेच सुचलं होतं. पण पुस्तक त्याला दाद देत नाही. लक्ष्मीबाई नुसत्या सोसत नाहीत. त्या भांडतात, टोमणे मारतात आणि हळूहळू स्वतः देणाऱ्या होतात. टिळक उसळून देतात, लक्ष्मीबाई मोजून देतात. त्यांचं देणं मला जास्त महाग वाटतं.

कारण त्यांच्याकडे देण्यासारखा पैसा नव्हताच. त्यांची खरी मालमत्ता होती सोवळं. वडिलांच्या कडक सोवळ्यात वाढलेली ही बाई, नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षं त्याच्यापासून दूर राहिली. त्याच्याकडे परत आल्यावरही आपलं सोवळं जपत राहिली. मग एकदा माणसामाणसांतला हा भेद माणसांनीच केला, देवानं नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं आणि ज्या हातचं पाणी चालत नव्हतं ते चाललं. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये. दानावरच्या उपदेशात हा प्रसंग कोणी घेत नाही. तिथे दान म्हणजे नोटा. पण जन्मानं मिळालेली प्रतिष्ठा सोडणं हा पैसा सोडण्याहून मोठा व्यवहार आहे, निदान आपल्याकडे तरी.

पुस्तकाबद्दल माझी एक तक्रार आहेच. जिथे मला त्यांचा राग बघायचा असतो तिथे लक्ष्मीबाई विनोद करून पुढे जातात. काही पानांवर हा विनोद शहाणपण वाटतो, काही पानांवर झाकण. टिळकांचं चरित्र लिहायचं म्हणून मुलानं, देवदत्तनं, आईला आठवणी लिहून काढायला सांगितलं आणि त्यातून हे पुस्तक आलं. नवऱ्याच्या चरित्राला कच्चा माल पुरवताना बाई किती चिडू शकते, हा प्रश्न उरतोच. पण त्याच कामातून त्यांनी स्वतःचं पुस्तक काढलं, आणि आज लोक वाचतात ते हेच.